गोळा, गुलाल आणि वारा

चैत्री पौर्णिमेच्या दुपारी जोतिबाच्या डोंगरावर जो एकदा तरी उभा राहिला आहे, त्याला गुलालाविषयी काही नव्याने सांगण्याचे कारण नाही. देवळाचे शिखर गुलाबी, पायऱ्या गुलाबी, माणसे गुलाबी, आणि परत घरी आल्यावर चार दिवस कानाच्या पाळीमागून निघतो तो गुलालच. त्या दिवशी डोंगरावर दोन वस्तू उधळल्या जातात. एक गुलाल आणि दुसरे खोबरे. मी पाचसहा वर्षांचा असताना आजोबांच्या खांद्यावर बसून हा सोहळा पाहात होतो, आणि कोणा भाविकाने भक्तिभराने भिरकावलेली खोबऱ्याची अर्धी वाटी माझ्या कपाळावर येऊन आदळली. टेंगूळ आले. आजोबांनी त्यावर गुलालच चोळला आणि म्हणाले, "गुलाल हा टाकणाऱ्याचा नसतो रे, वाऱ्याचा असतो. खोबरं मात्र टाकणाऱ्याचं."

हे वाक्य मी पुष्कळ वर्षे खरे मानीत होतो. पुढे इतिहासाच्या नादाने तोफांविषयी वाचू लागलो, तेव्हा ध्यानात आले की आजोबांचे म्हणणे अर्धेच खरे होते, आणि उरलेल्या अर्ध्याचा उलगडा होण्यास युरोपातल्या विद्वानांनासुद्धा तीनशे वर्षे लागली. त्यातला एक विद्वान तर आपल्याच देशात, एके काळी मराठ्यांच्या ताब्यात असलेल्या एका किल्ल्यात मरण पावला. ती हकिगत सांगावी म्हणून हा लेख.

जोतिबाचे, म्हणजे केदारनाथाचे, सध्याचे मुख्य देऊळ राणोजी शिंद्यांनी १७३० साली बांधले. शेजारचे केदारेश्वराचे देऊळ दौलतराव शिंद्यांनी १८०८ मध्ये उभारले. सगळे काम काळ्या पाषाणाचे. शिंदे घराण्याची या देवावर किती निष्ठा, हे त्या दगडांवरून दिसते. या डोंगरावरून पश्चिमेकडे पाहिले की मधल्या दरीपलीकडे पन्हाळ्याची सपाट पाठ दिसते आणि तिच्या अलीकडे पावनगडाचा माथा. सरळ रेषेत हे अंतर पाच मैलांच्या आतबाहेर असेल. तोफांच्या इतिहासाचा विचार करायचा तर याहून चांगली जागा मला ठाऊक नाही, कारण या पाच मैलांच्या हवेत पुष्कळ काही घडून गेले आहे.

१६६० सालच्या मार्चमध्ये शिवाजी महाराज पन्हाळ्यावर आले आणि विजापूरच्या सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला. पुढचे सर्वांना पाठ आहे. आषाढातली पावसाची रात्र, पालखी, विशाळगडची वाट, घोडखिंडीत बाजीप्रभू. परंतु त्याआधीचे जे चार महिने, त्यांत गडावर काय चालले होते, याकडे आपले लक्ष कमी जाते. पन्हाळा हा विस्तीर्ण गड. घेर मोठा, कडे उंच. खालून डागलेला गोळा वर पोहोचणे कठीण, आणि पोहोचलाच तर कुठे पडेल याचा भरवसा नाही. जौहरने यावर उपाय केला तो राजापूरच्या इंग्रजांना बोलावण्याचा. तेथल्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन कुलपी गोळे आणि ते उडविण्याचे साहित्य घेऊन वेढ्यात दाखल झाला आणि त्याने आपले निशाण उभारून गडावर मारा केला. व्यापारी म्हणून राहण्याची परवानगी असलेल्या माणसांनी हे करावे याचा राग महाराजांना येणे स्वाभाविक होते. १६६१ मध्ये राजापूरची वखार लुटली गेली आणि रेव्हिंग्टनसह काही इंग्रज कैदेत पडले.

या माऱ्याने गड पडला नाही. तोफा अपुऱ्या होत्या, गोळे मोजके होते, गड अवाढव्य होता, ही कारणे आहेतच. पण आणखी एक कारण असे की त्या काळी जगातला कोणीही गोलंदाज, मग तो इंग्रज असो, हबशी असो की मराठा, आपला गोळा हवेतून नेमका कसा जातो हे जाणत नव्हता. त्याला अनुभव होता. आज सकाळी या दारूने, इतक्या चढाने डागला तर त्या बुरुजापाशी पडला, मग दुपारी थोडा चढ वाढवावा, अशा अंदाजाने तो काम करी. हे हाताचे ज्ञान होते आणि ते हाताबरोबर जाई. माझ्या वाचनात आलेल्या बखरींत तोफांचा धडधडाट भरपूर आहे, धूर आहे, आकाश काळवंडते, पण तोफेला किती चढ दिला आणि गोळा किती पावलांवर पडला हे लिहून ठेवणारा भेटत नाही. याचे मला नेहमी वाईट वाटते.

युरोपात लिहिणारे होते. पण त्यांनी लिहिलेले चुकीचे होते, ही त्यातली गंमत. इटलीतल्या तार्ताल्या नावाच्या गणित्याने १५३७ मध्ये तोफेच्या गोळ्यावर ग्रंथ लिहिला. पंचेचाळीस अंशांचा चढ दिला असता गोळा सर्वांत लांब जातो, हे त्याने सांगितले. गॅलिलिओने १६३८ मध्ये पुढची पायरी गाठली. फेकलेली वस्तू अन्वस्ताच्या वक्र रेषेत जाते, हे त्याने सिद्ध केले. वर जाताना जशी कमान तशीच खाली येताना, दोन्ही अंगे सारखी. हवा नसती तर हे प्रमेय अगदी बिनचूक आहे. बंदुकीच्या वेगाला हवेचा अडथळा लक्षात घ्यावा लागेल, असा इशारा गॅलिलिओने स्वतःच देऊन ठेवला होता, पण शिष्यांना सुंदर वक्ररेषेचा मोह अनावर झाला. त्यातल्या तोरिचेल्लीने गोलंदाजांसाठी कोष्टके तयार केली. १६४७ मध्ये जिनोआच्या एका माणसाने त्याला कळविले की, तुमच्या कोष्टकांप्रमाणे गोळे पडत नाहीत. यावर तोरिचेल्लीने दिलेल्या उत्तराचा आशय असा की, मी तत्त्वज्ञांसाठी लिहिले आहे. गोळे तसे जात नसतील तर तो गोळ्यांचा दोष. विद्वानांची ही जात आपल्याकडेही अपरिचित नाही.

ज्याच्या नावाने धूमकेतू ओळखला जातो त्या हॅलेनेसुद्धा १६८६ मध्ये असेच मत दिले की, जड धातूच्या मोठ्या गोळ्याला हवेचा अडथळा जवळजवळ नसल्यासारखाच. म्हणजे आजोबांचे तेच. खोबरे टाकणाऱ्याचे.

आता पन्हाळ्याकडे परत येऊ. १६८९ साली संभाजी महाराजांचा अंत झाला, रायगडाला वेढा पडला आणि राजाराम महाराज तेथून निसटून पन्हाळ्यावर आले. पन्हाळाही मोगलांच्या वेढ्यात सापडणार हे दिसू लागले, तेव्हा सप्टेंबर महिन्यात ते मोजक्या माणसांनिशी, लिंगायत यात्रेकरूंच्या वेषात तेथून बाहेर पडले आणि दक्षिणेची वाट धरून नोव्हेंबरच्या सुमारास जिंजीला पोहोचले. गादी जिंजीला गेली. पण जिंजीत पैसा नव्हता. झुल्फिकारखान मागोमाग येत होता, फौज उभी करायची होती, आणि समुद्रकाठी इंग्रज, फ्रेंच, डच असे तिघे व्यापारी थैल्या घेऊन बसले होते.

कडलूरजवळ समुद्रालगत तेवनापट्टणचा किल्ला मराठ्यांच्या ताब्यात होता. १६९० मध्ये तो मद्रासच्या इंग्रजांना विकण्यात आला. त्या वेळी मद्रासचा प्रमुख एलिहू येल हा होता; अमेरिकेतल्या प्रसिद्ध विद्यापीठाला ज्याचे नाव आहे तोच. इंग्रजांनी किल्ल्याचे नाव फोर्ट सेंट डेव्हिड असे ठेवले. विक्रीच्या व्यवहारात एक अट अशी होती की वाचणाऱ्याने क्षणभर थांबावे. किल्ल्याबरोबर सभोवतालची किती जमीन द्यायची? तर किल्ल्यावरून डागलेल्या तोफेचा गोळा जिथवर जाईल तिथवरची.

इंग्रजी कागदात याला ‘रँडम शॉट’ म्हटले आहे. आज या शब्दाचा अर्थ बेछूट असा झाला आहे, पण तोफखान्याच्या तेव्हाच्या परिभाषेत समोर नेम न धरता, चढ देऊन जास्तीत जास्त लांब टाकलेला गोळा, असा त्याचा अर्थ होता. मद्रासेहून त्यासाठी चांगली लांब पल्ल्याची तोफ पाठविण्यात आली. ती भरण्यात आणि उडविण्यात गोलंदाजाने आपले कसब पणाला लावावे, अशी सूचनाही बरोबर गेली. सप्टेंबर १६९० मध्ये तोफ उडाली. गोळे जिथे पडले तिथवरची खेडी कंपनीची झाली. कडलूरचे गावही त्यात आले. या खेड्यांना तमिळमध्ये ‘गुंडु ग्रामम्’, म्हणजे गोळ्याची गावे, असे नाव पडले. आपल्याकडेही गोल धोंड्याला गुंडा म्हणतात. शब्द दूरचा नाही.

मला या प्रसंगात एक गोष्ट नेहमी डाचते. जमीन देणाऱ्याने तो गोळा किती लांब जाईल याचा काय अंदाज केला असेल? आणि घेणाऱ्याने? अन्वस्ताचे गणित मांडले असते तर ती सीमा मैलोगणती आत गेली असती. हवेने ती आखूड केली. त्या दिवशी समुद्रावरून वारा येत होता की जमिनीवरून, हवा दमट होती की कोरडी, याने एखादे खेडे इकडचे तिकडे झाले असेल. त्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांना कोणीही विचारले नव्हते. सकाळी ते मराठ्यांची रयत होते आणि एका गोळ्याच्या उड्डाणानंतर कंपनीची झाले.

याच किल्ल्यात, बरोबर साठ वर्षांनी, १७५० च्या जुलैमध्ये बेंजामिन रॉबिन्स हा इंग्रज उतरला. कंपनीने त्याला आपला मुख्य इंजिनियर नेमले होते. १७४६ मध्ये मद्रास फ्रेंचांनी घेतले होते, ते परत मिळून वर्ष झाले होते, आणि कोरोमंडल किनाऱ्यावरचे कोट नीट बांधून काढण्यासाठी माणूस हवा होता. रॉबिन्स हा बाथ येथे १७०७ साली, क्वेकर घराण्यात जन्मला. क्वेकर म्हणजे शस्त्राला हात न लावणारा पंथ. त्या घरातला हा मुलगा जगातला पहिला खरा तोफशास्त्रज्ञ निघाला.

१७४२ मध्ये त्याने तोफखान्याची नवी तत्त्वे सांगणारे एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातली युक्ती इतकी सोपी होती की ती आधी कोणाला सुचली नाही याचे नवल वाटावे. लाकडाचा एक जड ठोकळा त्याने झोपाळ्यासारखा टांगला आणि त्यावर बंदुकीची गोळी झाडली. गोळी ठोकळ्यात रुतली की ठोकळा मागे झुलतो. तो किती झुलला हे एका फितीने मोजले म्हणजे गोळीचा वेग गणिताने निघतो. मग त्याने ठोकळा लांब नेला आणि पुन्हा झाडली. वेग घटलेला होता. जो घटला तो हवेने खाल्ला.

आकडे पाहून तो स्वतःही चकित झाला असला पाहिजे. पाऊण इंच व्यासाची शिशाची गोळी सेकंदाला सुमारे सतराशे फूट वेगाने निघते, तेव्हा हवा तिला तिच्या वजनाच्या शंभराहून अधिक पट जोराने मागे ओढते. गॅलिलिओच्या अन्वस्ताप्रमाणे ही गोळी सतरा मैल गेली पाहिजे. प्रत्यक्षात ती अर्धा मैलही जात नाही. चोवीस पौंडी तोफेचा गोळा गणिताने सोळा मैल जावा, तो तीन मैलांच्या आतच पडतो. हे आकडे जोतिबावरून समजून घ्यावेत. हवा नसती तर पन्हाळ्यावरून डागलेला असा गोळा अंबाबाईच्या देवळावरून जाऊन करवीरच्या पलीकडे चार मैलांवर पडला असता. हवा आहे म्हणून तो जोतिबाच्या डोंगरापर्यंतही येत नाही. मधल्या दरीत कुठेतरी गवतात पडतो. हॅलेने ‘नसल्यासारखाच’ म्हटलेला अडथळा तो हा.

याहून विलक्षण गोष्ट रॉबिन्सला पुढे आढळली. पातळ कागदाचे पडदे एकामागून एक उभे करून त्याने त्यांतून गोळ्या झाडल्या आणि पडलेली भोके तपासली. गोळी नुसतीच मंदावत नव्हती. ती बाजूला वळत होती. आणि सरळ रेषेत बाजूला न जाता, जसजशी पुढे जाई तसतशी अधिकाधिक वळत होती. कधी डावीकडे, कधी उजवीकडे. वाऱ्याचा हा परिणाम नव्हता, कारण हवा शांत होती. रॉबिन्सने तर्क केला की गोळी नळीत घासत निघते, त्यामुळे तिला गिरकी मिळते, आणि फिरणाऱ्या गोळीला हवा एका अंगाला ढकलते. हे दाखविण्यासाठी त्याने बंदुकीच्या नळीचे तोंड डावीकडे वाकविले. गोळी आधी डावीकडे निघाली, कारण नळी तिकडे होती. पण वाकलेल्या नळीच्या उजव्या भिंतीला घासून तिला जी गिरकी मिळाली होती, तिच्यामुळे ती पुढे गेल्यावर उजवीकडे वळली. रॉयल सोसायटीने १७४६ मध्ये त्याला कॉपली पदक दिले.

आणि तरीही त्याचे ऐकले गेले नाही. थोर गणिती ऑयलर याने १७४५ मध्ये रॉबिन्सच्या पुस्तकाचे जर्मन भाषांतर केले, त्याला मूळ पुस्तकाच्या अनेक पट टीपा जोडल्या. हवेच्या अडथळ्याचे महत्त्व मान्य केले. पण गोळी वळते याचा दोष त्याने गोळीच्या ओबडधोबड आकाराला दिला. ऑयलरचा शब्द मोठा. शंभर वर्षे ही गोष्ट मागे पडली आणि १८५२ च्या सुमारास बर्लिनमध्ये माग्नुस याने ती पुन्हा शोधली, म्हणून आज तिला माग्नुसचे नाव आहे. रॉबिन्सला ते भाग्य नव्हते. तेवनापट्टणची हवा त्याला मानवली नाही. उतरल्यावर थोड्याच महिन्यांत त्याला तापाने गाठले. त्यातून तो उठला, पण २९ जुलै १७५१ रोजी त्याच किल्ल्यात वारला. हातात लेखणी असताना मरण आले असे त्याच्या चरित्रात सांगतात. एका गोळ्याने ज्या जमिनीची सीमा ठरली, त्याच जमिनीत गोळ्याच्या उड्डाणाचा पहिला जाणकार संपला.

गोळ्याचा पल्ला हवा इतका खाते म्हटल्यावर लढाई कशी होणार? तोफ असूनही ती जवळून लढावी लागणार. आसईच्या रणात, २३ सप्टेंबर १८०३ रोजी, हेच झाले. ज्या दौलतरावांनी पुढे पाचच वर्षांत जोतिबावर देऊळ बांधले, त्यांचा तोफखाना तेथे होता. महादजींच्या काळापासून उभा केलेला, हिंदुस्थानातला उत्तम. इंग्रजांचे मेलेले व जखमी धरून दीड हजारांहून अधिक लोक त्या एका दिवसात कामी आले, ते बहुतेक तोफांच्या माऱ्याने, आणि वेलस्लीने शिंद्यांच्या गोलंदाजांची वाखाणणी केली. पण त्यातला मोठा संहार शेवटच्या काहीशे पावलांत, छऱ्यांच्या माऱ्याने झाला. लांबून टाकलेले गोळे भय घालतात, जवळून टाकलेले मारतात. गोलंदाज तोफेजवळच मारले गेले आणि तोफा गेल्या. केदारेश्वराच्या देवळापुढे उभा राहिलो की मला ती माणसे आठवतात, ज्यांची नावे कोठेही कोरलेली नाहीत.

हवेचा अडथळा मोजता आला, पण तो होतो कसा हे कळायला विसावे शतक उजाडावे लागले. येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. वाचकांनी कंटाळू नये. पावसाळ्यात पंचगंगेच्या घाटावर जावे. पात्रातली लहान देवळे निम्मी पाण्यात असतात. पाणी देवळाच्या पुढच्या अंगाला येऊन दोन्ही बाजूंनी सरळ निघते, पण मागे गेल्यावर ते देवळाला चिकटून राहात नाही. सुटते, आणि मागे भोवरे फिरू लागतात. गोळ्याचेही तसेच. त्याच्या पाठीमागे भोवऱ्यांनी भरलेली एक पोकळी तयार होते, आणि ती पोकळीच त्याला मागे खेचते. पोकळी जितकी रुंद तितकी ओढ मोठी.

१९१२ मध्ये ज्याचा मनोरा पॅरिसला उभा आहे त्या आयफेलने गुळगुळीत गोलांवर वारा सोडून ओढ मोजली, तेव्हा त्याचे आकडे जर्मनीतल्या ग्योटिंगेनच्या आकड्यांशी जुळेनात. फरक दुपटीहून अधिक. कोणीतरी चुकला असणार असे सर्वांना वाटले. कोणीच चुकले नव्हते. ठराविक वेगाच्या पुढे गेल्यावर गोलाची ओढ वाढण्याऐवजी एकदम उतरते, असे निघाले. १९१४ मध्ये ग्योटिंगेनच्या प्रांड्टलने याचे कारण सांगितले. गोलाच्या अंगालगत हवेचा एक अगदी पातळ थर असतो. तो शांतपणे, पदर न विस्कटता वाहात असेल, तर लवकर थकतो आणि गोलाच्या मध्यापाशीच सुटतो. मागे रुंद पोकळी पडते. पण तोच थर खळबळलेला असेल, त्यात संक्षोभ असेल, तर तो बाहेरच्या वेगवान हवेकडून जोर घेत राहतो, गोलाला पुष्कळ मागेपर्यंत चिकटतो, आणि पोकळी अरुंद होते. प्रांड्टलने गुळगुळीत गोलाच्या पुढच्या भागावर तारेचे एक बारीक कडे चिकटविले. थर विस्कटला, आणि ओढ कमी झाली. खडबडीतपणाने वस्तू सुलभ जावी, ही गोष्ट मनाला एकदम पटत नाही. पण गोल्फच्या चेंडूला खळगे असतात ते याचसाठी.

मराठी भाषेने या ठिकाणी मोठी मौज केली आहे. तोफ उडविणारा तो गोलंदाज. तोफा गेल्या, संस्थाने गेली, आणि हा शब्द बेकार होण्याच्या आत क्रिकेटच्या मैदानावर रुजू झाला. आणि तेथेही तो हवेशीच खेळतो. कोल्हापुरात १९२५ मध्ये जन्मलेले दत्तू फडकर हे असे गोलंदाज. १९४७ च्या डिसेंबरात सिडनीला पहिल्याच कसोटीत त्यांनी ५१ धावा काढल्या आणि १४ धावांत ३ बळी घेतले. पुढे एकतीस कसोट्यांत बासष्ट बळी. नवा चेंडू हवेत वळविणे ही त्यांची विद्या. चेंडूची शिवण थोडी तिरपी धरली की एका अंगाची हवा शिवणीवर ठेच खाऊन खळबळते आणि मागेपर्यंत चिकटते. दुसऱ्या, गुळगुळीत अंगाची हवा लवकर सुटते. पोकळी एका बाजूला कलते आणि चेंडू शिवणीच्या दिशेला वळतो. ताशी एकशेदहा किलोमीटरच्या आसपास हे उत्तम साधते. म्हणजे प्रांड्टलचे कडे काय आणि चेंडूची शिवण काय, एकच. फडकरांनी प्रांड्टल वाचला असेल असे मला वाटत नाही. वाचण्याची गरजही नव्हती.

अलीकडे एक नवा खेळ निघाला आहे. १९८१ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये तो प्रथम खेळला गेला आणि आता आपल्याकडच्या मोठ्या शहरांच्या आसपासही खेळतात. त्याला पेंटबॉल म्हणतात. औषधाच्या कॅप्सूलसारख्या पातळ कवचात रंग भरलेली, पाऊण इंचाहून थोडी लहान, तीन ग्रॅम वजनाची गोळी, वायूच्या बंदुकीतून सेकंदाला तीनशे फुटांच्या आत उडवायची. अंगावर फुटली की रंग लागतो आणि गडी बाद. मूळ हे साधन झाडांवर आणि गुरांवर खुणा करण्यासाठी निघाले होते. ते खेळणारी मुले नेहमी तक्रार करतात की गोळी सरळ जात नाही. माझ्या एका भाच्याने हीच तक्रार माझ्यापाशी केली, तेव्हा मला रॉबिन्सचे कागदाचे पडदे आठवले.

ही गोळी फार अडचणीच्या वेगाने जाते. हवा कशी वाहील हे नुसत्या वेगावर नसते, वेग आणि जाडी यांच्या गुणाकारावर असते. त्या हिशेबाने पाहिले तर ही एवढीशी गोळी फडकरांच्या चेंडूच्या शेजारीच बसते. पण चेंडूला शिवण आहे, आणि हिला आहे ती नुसती जोडाची एक पुसट रेघ. लगतच्या थराला खळबळ उठेल इतका वेगही तिला नाही. तेव्हा हवा तिच्या मध्यावरच सुटते, मागे रुंद पोकळी पडते, आणि त्या पोकळीतले भोवरे कधी या अंगाला, कधी त्या अंगाला सुटत राहतात. प्रत्येक भोवरा तिला थोडा हिसका देतो. शिशाच्या गोळीने तो हिसका मानला नसता. तीन ग्रॅमच्या गोळीला तो पुरतो. आत रंग हिंदकळतो आहे तो वेगळाच. यावर काहींनी उपाय काढला तो नळीला किंचित बाक देण्याचा, म्हणजे गोळी वरच्या भिंतीला घासेल, तिला उलटी गिरकी मिळेल, आणि हवाच तिला उचलून धरील. रॉबिन्सने नळी डावीकडे वाकविली होती. यांनी तोच बाक आडव्याचा उभा केला. अडीचशे वर्षांनी त्याची वाकडी नळी रंग उडविण्याच्या कामी आली. पोरांना त्याचे नाव ठाऊक नाही, आणि भाच्याला मी सांगितले तेव्हा त्याने ते नम्रपणे ऐकून घेतले.

मागच्या एका चैत्रात मी पुन्हा डोंगरावर गेलो होतो. सासनकाठ्या यमाईच्या देवळाकडे निघाल्या होत्या. ज्याने त्या पाहिल्या नाहीत त्याच्यासाठी सांगतो. उंचच उंच बांबू, त्यावर कापडाचे रंगीत पट्टे, माथ्याला फडके; एक माणूस काठी पोटाशी तोलून नाचवतो आणि चहूबाजूंना दोऱ्या धरलेले गडी तिला सांभाळतात. डोंगरमाथ्याचा वारा त्या दिवशी चांगलाच होता. अंगणात कडूसे पडलेले, गुलालाचा ढग शिखरापाशी घोटाळत होता. तो खाली बसतही नव्हता आणि पुढे जातही नव्हता. काठ्या मात्र एकही कलंडली नाही. वारा यायच्या आधीच त्या बाजूची दोरी ताणली जाई.

एक काठी सावलीला टेकवली तेव्हा दोरी धरणाऱ्या एका म्हाताऱ्याला मी विचारले, "मामा, वारा कुठनं येणार ते आधी कसं कळतं हो तुम्हाला?"

त्यांनी डोळ्यांतला गुलाल पुसला आणि माझ्याकडे नीट पाहिले.

"वरचं फडकं बघायचं की पावणं," ते म्हणाले. "खाली कशाला बघतासा?"